लॉगबुकात न आलेला स्नॅग

विमान उशिरा सुटलं की त्या उशिराला एक दोन आकडी कोड चिकटतो. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची ही यादी जगभर एकच आहे. 15 म्हणजे बोर्डिंगला वेळ लागला, 32 म्हणजे सामान चढवण्या-उतरवण्यात गेला, 36 इंधन, 41 विमानातला बिघाड, 63 म्हणजे क्रू उशिरा आला आणि 93 म्हणजे विमानच आधीच्या फेरीवरून उशिरा आलं. वेळ नेमका कुठं जातो ते कळावं आणि तिथं माणसं, ट्रॉल्या, यंत्रं वाढवावीत, यासाठी ही यादी झाली. पण जिथं कारभार धाकावर चालतो तिथं या यादीचा एकच उपयोग उरतो: उशीर कुणाच्या माथी मारायचा.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर 320 जातीचं एअरबस उभं राहिलं की पुढच्या फेरीसाठी साधारण अर्धा तास मिळतो. तेवढ्यात प्रवासी उतरवायचे, केबिन झाडायची, इंधन भरायचं, सामान काढून नवं भरायचं, वजनाचा हिशेब मांडणारी लोडशीट द्यायची आणि दारं लावायची. समजा मुंबईहून विमान 18 मिनिटं उशिरा आलं. इथल्या माणसांनी 6 मिनिटं भरून काढली, तरी 12 मिनिटांचा उशीर उरला. खरं तर तो पूर्ण 93 आहे. पण त्या गडबडीत सामानाची एक ट्रॉली 4 मिनिटं मागे पडली असेल, तर कंपनीच्या कंट्रोल रूमचा फोन येतो आणि वाद सुरू होतो. इंधनवाला म्हणतो मी वेळेत होतो, गेटवरचा म्हणतो मी वेळेत होतो. शेवटी उशीर जिथं प्रतिकार सगळ्यात कमी तिथं, म्हणजे कंत्राटी लोडरच्या टोळीवर जाऊन बसतो. कागदावर 32 लागतो. ज्या वेळापत्रकात मुळात श्वास घ्यायला जागा ठेवली नव्हती, ते वेळापत्रक स्वच्छ राहतं.

पुढच्या आठवड्यात तोच लोडर धावत काम करतो, आणि घाईत बेल्ट लोडरचं, म्हणजे सामान वर चढवणाऱ्या पट्ट्याच्या गाडीचं, तोंड कार्गोच्या दाराजवळ विमानाला घासतं. छोटासा पोचा पडतो. उंचीवर गेल्यावर केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला साधारण 8 पौंडांनी जास्त असतो, आणि पत्रा प्रत्येक उड्डाणात फुग्यासारखा ताणला-सैलावला जातो. म्हणून पोच्याची लांबी, रुंदी आणि खोली मोजून, तो कोणत्या फ्रेमजवळ आहे ते पाहून, मर्यादेत असेल तरच विमान सोडायचं असतं. हे मोजमाप इंजिनीअरचं काम. पण इंजिनीअरला ते करता यावं म्हणून आधी लोडरनं तोंड उघडायला हवं, आणि मागच्या आठवड्यात 4 मिनिटांसाठी रोजी कापली गेलेला माणूस तोंड उघडत नाही.

नव्या विमानांत हे आणखी गंभीर आहे. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या हँगरमध्ये येणाऱ्या बोइंग 787 चं धड कार्बन फायबरच्या कॉम्पोझिटचं आहे. ॲल्युमिनियमला गाडी लागली तर निदान पोचा दिसतो. कॉम्पोझिटवर बोथट धक्का बसला तर वरचा रंगही शाबूत राहू शकतो आणि आतले थर सुटलेले असू शकतात. डोळ्यांना काही दिसत नाही. तिथं धोका कळण्याचा पहिला मार्ग एकच उरतो: ज्याच्या हातून धक्का लागला त्यानं स्वतःहून येऊन सांगणं.

आमचा मुद्दा इथंच आहे. विमान कंपनीतल्या धाकाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा अन्यायाबद्दल बोलतो: अपमान, मध्यरात्रीचे मेसेज, शो-कॉज, बेस बदलण्याची धमकी. तो अन्याय आहेच. पण धाक हा त्याहून वेगळ्या अर्थानं विमानातला तांत्रिक दोषही आहे. चुकलेल्या माणसानं स्वतःची चूक स्वतः सांगावी, यावर ही सगळी व्यवस्था उभी आहे. धाक नेमकं तेच बंद पाडतो. वरच्या अधिकाऱ्याला त्या शांततेत शिस्त दिसते, प्रत्यक्षात त्याच्यापर्यंत पोचणारी माहिती थांबलेली असते.

लॉगबुकाचंच पाहा. उडताना वैमानिकाला काही बिघाड, या धंद्यातल्या भाषेत स्नॅग, जाणवला की तो विमानाच्या लॉगबुकात, म्हणजे टेक लॉगमध्ये, लिहायचा. लिहिला की इंजिनीअरनं तो दुरुस्त करायचा किंवा, काय बिघडलेलं असतानाही उडता येतं ते सांगणाऱ्या एमईएल या यादीप्रमाणे, मुदतीवर पुढे ढकलायचा. बी गटातल्या दोषाला 3 दिवस, सी गटाला 10, डी गटाला 120. ए गटाची मुदत त्या-त्या नोंदीतच दिलेली असते. उडण्यावर परिणाम करणारी वस्तू यादीत बसली नाही, तर विमान उभं. मुंबई-दिल्लीला सुटा भाग स्टोअरमध्ये मिळतो. नागपूरला तो पुढच्या विमानानं येईपर्यंत चार-पाच तास जाऊ शकतात. फेरी रद्द होते आणि फोन वाजतो: ‘आधीच्या तिघांनी उडवलं, तुम्हीच का लिहिलं?’

हा प्रश्न दोनदा ऐकलेला कॅप्टन तिसऱ्यांदा लिहीत नाही. तो इंजिनीअरला तोंडी सांगतो, किंवा पुढच्या कॅप्टनला ‘जरा बघा’ म्हणतो, आणि दिवसाच्या शेवटच्या सेक्टरनंतर, म्हणजे उड्डाणानंतर, मुख्य बेसवर उतरल्यावर, नोंद होते. नुकसान काय झालं? बिघाड दुपारी 34,000 फुटांवर उणे पन्नास अंशांत आला होता, नोंद मात्र रात्री जमिनीवरची झाली. कधी, कोणत्या उंचीवर, कोणत्या टप्प्यात, हे सगळं पुसलं गेलं. अधूनमधून येणारा दोष शोधताना इंजिनीअरला हाच धागा लागतो. शिवाय तोच दोष चार सेक्टरमध्ये चारदा आला असला, तरी रेकॉर्डवर एकदाच आला. वारंवार येणाऱ्या दोषांची वेगळी तपासणी होते ती संख्येवरून, आणि संख्याच खोटी ठरली. कुणी एकही खोटा शब्द लिहिलेला नाही. फक्त लिहायचं तेव्हा लिहिलेलं नाही.

हँगरमध्ये याचं रूप वेगळं. मिहानमध्ये बोइंगनं बांधून दिलेला दुरुस्ती तळ 2015 मध्ये सुरू झाला. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली, पण तो तळ चालवणारी एआयईएसएल ही दुरुस्ती कंपनी सरकारकडे राहिली. इंदामेरसारख्या खासगी कंपन्याही शेजारी आल्या. विदर्भातल्या पोरांना यातून चांगली कामं मिळाली, आणखी मिळावीत. म्हणूनच इथली कामाची रीत कशी रुळते, याला महत्त्व आहे. प्रत्येक पान्याची जागा बोर्डावर आखलेली असते आणि शिफ्ट संपताना मोजणी होते. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सुटत नाही. ज्याच्याकडून हरवला त्याला सगळ्यांसमोर झापलं, तर पुढच्या वेळी कुणीतरी बाजारातून तसाच पाना आणून रिकाम्या जागी टांगील. मोजणी बरोबर भरेल आणि हरवलेला पाना पंखाच्या आत, कंट्रोलच्या केबलजवळ, तसाच पडून राहील.

10 जून 1990 ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच साधारण 17,000 फुटांवर उडून गेली आणि कॅप्टन कंबरेपर्यंत बाहेर खेचला गेला. तो वाचला. काच आदल्या दिवशीच्या पहाटे बदलली होती, आणि 90 बोल्टपैकी 84 चा व्यास 0.026 इंचांनी कमी होता. माणसं कमी असलेल्या रात्री शिफ्टच्या मॅनेजरनं हे काम एकट्यानं केलं होतं आणि नवे बोल्ट जुन्यांशी नजरेनं जुळवले होते. चौकशीत निघालं की काढलेले जुने बोल्टसुद्धा नेमून दिलेल्या मापाचे नव्हते. म्हणजे चूक त्या रात्री जन्मलेली नव्हती, ती आधीपासून विमानात बसलेली होती. त्या एका माणसाला काढून टाकून हे कुणाला कळलं असतं?

आता थकव्याबद्दल. नागपूरला रात्रीची उड्डाणं नवी नाहीत. 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालात दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथंच भेटत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि सकाळच्या आत आपापल्या गावी परतत. देशाच्या मध्यावरच्या या गावाला रात्री 2 ते सकाळी 6 या वेळेचा अर्थ तेव्हापासून माहीत आहे. या काळात शरीराचं तापमान खाली येतं, प्रतिसाद मंदावतो आणि किती थकलो आहोत याचा स्वतःचा अंदाजही चुकतो.

ऑगस्ट 2023 मध्ये नागपूर विमानतळावर ड्यूटीला निघालेले एक वैमानिक बोर्डिंग गेटजवळ कोसळले आणि वारले. एका मृत्यूवरून कारण ठरवू नये आणि इथं ते ठरवायचं नाही. पण त्यानंतर देशभर रोस्टरची, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाची, चर्चा पेटली. जानेवारी 2024 मध्ये डीजीसीए या हवाई वाहतुकीच्या सरकारी नियामकानं नवे नियम काढले: आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48, रात्रीची व्याख्या पहाटे 5 ऐवजी 6 पर्यंत, आणि रात्रीच्या ड्यूटीत 6 ऐवजी 2 लँडिंग. हे 1 जून 2024 पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांच्या विरोधामुळे ते पुढे ढकलले गेले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025 असे दोन टप्पे ठरले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची व्यवस्था कोसळली. 5 डिसेंबरला एका दिवसात 1,000 हून जास्त उड्डाणं रद्द झाली. त्यावर डीजीसीएनं कंपनीला रात्रीच्या काही नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली. कंपनीच्या उड्डाणांना 10 टक्के कात्रीही लावली, हे खरं. पण तयारीला जवळपास दोन वर्षं मिळूनही जी तयारी झाली नाही, तिची भरपाई आधी वैमानिकाच्या झोपेतून झाली.

याच नियमांत एक कलम आहे ज्याकडे कमी लक्ष गेलं. दर तिमाहीला थकव्याचे किती रिपोर्ट आले आणि त्यांवर काय केलं, हे कंपनीनं डीजीसीएला कळवायचं, आणि रिपोर्ट देणाऱ्याला शिक्षा करायची नाही. कागदावर उत्तम. पण थकव्याचा रिपोर्ट नामंजूर झाला की तो दिवस सिक लीव्हमध्ये धरायचा, अशी वाट ठेवली तर काय होईल? दोनदा तसं झालेला माणूस तिसऱ्यांदा थेट सिक मारेल. थकव्याचा आकडा खाली येईल, आजाराचा वर जाईल, आणि मग ‘आमच्याकडे लोक फार सिक मारतात’ म्हणून डॉक्टरी सर्टिफिकेटचा नियम कडक होईल. दोष रोस्टरमध्ये होता, औषध उपस्थितीला दिलं गेलं.

रोस्टरचा ताण कॉकपिटपर्यंत कसा जातो, हे कोझिकोडच्या अहवालात आहे. 7 ऑगस्ट 2020 ला तिथं विमान धावपट्टीच्या टोकावरून खाली गेलं आणि 21 जण गेले. कॅप्टननं ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही, हे अहवाल स्पष्ट सांगतो. पण पुढे तो असंही सांगतो की त्या बेसवर 26 फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, असताना कॅप्टन फक्त 1 होता, आणि दुसऱ्या सकाळची फेरी आपल्यालाच न्यायची आहे, ही जाणीव उतरण्याच्या निर्णयावर परिणाम करून गेलेली असू शकते. मंगळूरला 22 मे 2010 च्या विमान अपघातात 158 जण गेले. तिथं फर्स्ट ऑफिसरनं तीनदा ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असं म्हटलं होतं. तीनदा म्हणायचं, पण नियंत्रण हातात घ्यायचं नाही, ही मर्यादा प्रशिक्षणातून सुटत नाही. ज्या संस्थेत वरच्याला अडवणं म्हणजे उद्धटपणा, तिथं ती रोजच्या वागण्यातून पक्की होते.

मग कामगार बोलत का नाहीत, एकत्र का येत नाहीत, असं विचारलं जातं. डीजीसीएच्या 2017 च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला नोकरी सोडायला 1 वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला 6 महिन्यांची नोटीस द्यावी लागते. वर ट्रेनिंगचा लाखोंचा बाँड. इतर धंद्यांत साहेबाच्या धाकाला एक नैसर्गिक मर्यादा असते, माणूस सोडून जातो. इथं जायलाच वर्ष लागतं, आणि ते वर्ष त्याच साहेबाच्या रोस्टरवर काढायचं असतं. दुसऱ्या टोकाला कंत्राटी लोडर, सफाईवाली, व्हीलचेअर ढकलणारा. त्यांना एका दिवसात काढता येतं. एकाला सुटता येत नाही, दुसऱ्याला टिकता येत नाही. दोघंही गप्प राहतात.

साचलेलं मात्र कुठून तरी बाहेर पडतंच. सप्टेंबर 2009 मध्ये जेट एअरवेजनं संघटना उभारणाऱ्या दोन वैमानिकांना काढलं. त्यांचे शेकडो सहकारी एकदम ‘आजारी’ पडले आणि पाच दिवस देशभर गोंधळ झाला. त्या दोघांना परत घ्यावं लागलं. मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसचे केबिन क्रू एका रात्रीत सिक झाले आणि शंभरावर उड्डाणं रद्द झाली. 25 जणांना बडतर्फीची पत्रं गेली, आणि मुख्य कामगार आयुक्तांच्या कार्यालयातल्या बैठकीनंतर दोन दिवसांत मागे घेतली गेली. एप्रिल 2022 मध्ये तर काही वैमानिकांनी पगाराचा राग 121.5 मेगाहर्ट्झवर, म्हणजे संकटातल्या विमानासाठी मोकळ्या ठेवलेल्या फ्रिक्वेन्सीवर, काढल्याच्या बातम्या आल्या आणि डीजीसीएला चौकशी करावी लागली. हे वागणं समर्थनीय नाही. ती फ्रिक्वेन्सी कुणाच्याही तक्रारीसाठी नाही, आणि ऐनवेळी सिक मारल्यानं बाळंतपणाला, परीक्षेला, अंत्यसंस्काराला निघालेल्या माणसांचे हाल होतात. पण बोलायची सरळ जागा नसली की माणसं अशा चुकीच्या जागी बोलतात, हेही तेवढंच खरं.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. आता संपाला 14 दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल लीव्ह टाकली तर तोही संप धरला जातो. याच संहितेत 51 टक्के सभासद असलेल्या संघटनेला वाटाघाटीसाठी मान्यता द्यायची तरतूदही आहे. पहिली तरतूद कंपन्यांच्या एचआरला लगेच पाठ होईल. दुसरीसाठी कुणीतरी आग्रह धरायला हवा, आणि वैमानिक ‘कामगार’ ठरतात की नाही यावर कोर्टात वर्षानुवर्षं चाललेला वाद पाहता तो आग्रह सोपा नाही.

धाक नसेल तर शिस्त राहील का, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. दारू पिऊन ड्यूटीवर आलेल्या वैमानिकाचं लायसन्स पहिल्याच वेळी 3 महिने निलंबित होतं. त्याला कुणाही जबाबदार माणसाचा विरोध नाही, आमचाही नाही. मुद्दाम केलेली खोटी नोंद, न केलेल्या तपासणीवर सही, यांना माफी नको. पण चूक आणि बेपर्वाई वेगळ्या करण्याची एक साधी कसोटी या धंद्यात रुळलेली आहे: तेवढंच प्रशिक्षण असलेला दुसरा चांगला माणूस त्याच जागी, त्याच वेळी, त्याच अवजारांनिशी असता तर त्याच्याकडून असंच झालं असतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर माणूस बदलून उपयोग नाही.

अमेरिकेनं हे मोठी किंमत देऊन शिकलं. 1 डिसेंबर 1974 ला वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूएचं विमान डोंगरावर आदळून 92 जण गेले. काही आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच नकाशाच्या तशाच गैरसमजातून थोडक्यात बचावलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीनं आपल्याच वैमानिकांना सावध केलं, आणि बातमी तिथंच थांबली. त्यानंतर 1976 मध्ये गोपनीय रिपोर्टची यंत्रणा उभी राहिली, आणि ती चालवायला नासाकडे दिली. कारण शिक्षा करणाऱ्याच्याच हातात कुणी आपली चूक देणार नव्हतं. 10 दिवसांत स्वतःहून कळवलं, आणि चूक मुद्दाम केलेली नसली, तर दंड माफ. आपल्याकडे परवाना देणारी, शिक्षा करणारी आणि स्वेच्छेनं दिलेले रिपोर्ट घेणारी संस्था एकच आहे.

नागपूरनं दुसरी रीत पाहिलेली आहे. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा रोज सुमारे पाचवा हिस्सा कामगार गैरहजर असत. त्या काळचा सरळ उपाय म्हणजे दंड आणि हकालपट्टी. टाटांनी भविष्य निर्वाह निधी, हजेरीची बक्षिसं, 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई आणली. पुढे तिथं संपही झाले. गिरणी काही स्वर्ग नव्हती. पण माणूस कामावर का येत नाही, हा प्रश्न तिथं शिक्षेच्या आधी विचारला गेला होता.

मागण्या मोठ्या नाहीत. उशिराचा कोड ठरवणाऱ्या बैठकीचा पगाराशी, कंत्राटाच्या दंडाशी आणि शिफ्टच्या वाटपाशी संबंध तोडावा. थकव्याचे तिमाही आकडे डीजीसीएनं बेसनिहाय जाहीर करावेत, नामंजूर किती आणि का यांसकट. गोपनीय रिपोर्ट घेणारी यंत्रणा डीजीसीएबाहेर न्यावी. बाहेरच्या स्टेशनवर लिहिलेल्या स्नॅगवरून वैमानिकाला फोन करायचा अधिकार फक्त इंजिनीअरिंगला असावा, कमर्शियलला नाही. लोडरसाठी रिपोर्टचा फॉर्म मराठी आणि हिंदीत, फोनवर, नाव न लिहिता भरता येईल असा असावा, आणि सात दिवसांत त्याचं उत्तर ब्रेकरूमच्या भिंतीवर लागावं. आणि ग्राउंड हँडलिंगच्या प्रत्येक कंत्राटात एक ओळ असावी: विमानाला धक्का लागल्याचं त्याच शिफ्टमध्ये स्वतःहून सांगणाऱ्या कामगाराला पुढचे 90 दिवस त्या कारणानं कामावरून कमी करता येणार नाही, आणि केलं तर दंड कंत्राटदार भरेल.